वाड्याच्या तुळईतून वाद्य घडतं का?

पुण्यात, साताऱ्यात, वाईत, नाशिकच्या जुन्या गावठाणात वाडे उतरवले जातायत. प्रत्येक वाड्यामागे खांब, तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या असा लाकडाचा मोठा ढीग वखारीत जाऊन पडतो. त्यातलं चांगलं सागवान फर्निचरवाले उचलतात. पण घरातलं कुणीतरी एकदा तरी विचारतंच: या तुळईची बाजाची पेटी (हार्मोनियम) करून घेता येईल का? आजोबा गायचे, त्यांच्याच घराच्या लाकडातून एखादा तानपुरा?

या प्रश्नाचं उत्तर नुसत्या हळवेपणावर सोडायची गरज नाही. लाकूड म्हातारं होताना त्याच्या आत काय घडतं हे आता बऱ्यापैकी माहीत आहे, आणि जगात अनेकांनी जुन्या लाकडातून वाद्यं करून वाजवलेलीही आहेत. थोडक्यात सांगायचं तर वाद्य घडतं, फक्त कुठल्याही लाकडातून कुठलंही वाद्य घडत नाही. 'जुनं लाकूड म्हणजे गोड आवाज' हे सरसकट खरं मानून कामाला लागलात तर पैसे आणि लाकूड दोन्ही वाया जाईल. वाद्याच्या कुठल्या भागाला काय लागतं आणि तुमच्या हातातल्या तुकड्याचं इतक्या वर्षांत काय झालंय, या दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

लाकूड आवाज कसा करतं

ताणलेली तार छेडली तर तिचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. ती बारीक असते, हवेला पुरेशी ढकलू शकत नाही. तिचं कंपन तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीतून खाली तबलीत, म्हणजे वाद्याच्या तोंडावरच्या फळीत, उतरतं; तबली मोठी आणि पातळ असल्याने तीच हलायला लागते आणि आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः तबलीने ढकललेल्या हवेचा आवाज. म्हणून तबलीसाठी लाकूड निवडताना कारागीर दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी मागतो: लाकूड हलकं हवं आणि ताठही हवं. जड असेल तर तारेच्या इवल्याशा जोराने ते हलणार नाही, आणि नुसतंच हलकं, लेचंपेचं असेल तर तारांच्या ताणाखाली बसेल.

व्हायोलिन आणि गिटारसाठी युरोपात पिढ्यान् पिढ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं लाकूड वापरतात ते याच कारणाने. त्याचं वजन घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो. सागवान ६५०च्या आसपास, शिसव ८००च्या वर. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चांगल्या स्प्रूसमधून रेषेच्या दिशेने तोच ५,००० मीटरच्याही पुढे जातो. इथे 'रेषेच्या दिशेने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लाकूड म्हणजे काड्यांची घट्ट बांधलेली मोळी समजा. लांबीच्या दिशेने ती वाकवायला जड, पण काडीपासून काडी सुटी करायला सोपी. स्प्रूसमध्ये लांबीचा ताठपणा आडव्या ताठपणाच्या दहापटीहूनही जास्त असतो. म्हणून एकाच तुळईतून काढलेल्या दोन फळ्या, एक सरळ रेषेची आणि एक तिरकी कापली गेलेली, आवाजाला दोन वेगळ्या झाडांच्या असाव्यात इतक्या वेगळ्या निघू शकतात.

तिसरी बाब म्हणजे लाकूड कंपन किती पटकन गिळतं. फळी एका कोपऱ्याजवळ दोन बोटांत लोंबती धरून बोटाच्या पेराने मध्यावर ठोकली तर काही फळ्या क्षणभर गुणगुणत राहतात, काही 'बद्द' करून गप्प होतात. तबलीला पहिली लागते.

पण वाद्य म्हणजे फक्त तबली नव्हे. सतारीच्या दांडीला वर्षानुवर्षं तारांचा ताण सोसून सरळ राहायचं असतं. तबल्याच्या खोडाकडून हलण्याची अपेक्षाच नसते. वर चामड्याची पुडी कंप पावत असताना त्याने जड, घट्ट आणि स्थिर उभं राहायचं असतं, म्हणून तिथे शिसव, खैर, बिबळा अशी वजनदार लाकडं लागतात. पेटीचा आवाज तर पितळी सुरांमधून, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पात्यांमधून, येतो. तिच्या लाकडाचं मुख्य काम म्हणजे सुरांची फळी सपाट ठेवणं आणि हवा कुठूनही निसटू न देणं.

काळ लाकडाला काय करतो

सगळ्यात मोठं काम पाण्याचं. नुकत्याच तोडलेल्या झाडात पाणी दोन प्रकारे असतं: पेशींच्या पोकळीत मोकळं आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं. मोकळं पाणी लवकर निघून जातं आणि त्याने लाकडाचा आकार फारसा बदलत नाही. पण ओलाव्याचं प्रमाण लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली आलं की भिंतींतलं पाणी निघायला लागतं, आणि तिथून पुढे लाकूड खरोखर आक्रसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. फळ्यांना पीळ पडतो, त्या वाकतात, फाकतात, त्यामागे हाच असमान हिशेब असतो.

लाकूड एकदा वाळलं म्हणजे विषय संपला असंही नाही. ते हवेशी देवाणघेवाण करत राहतं. कोकणात जुलैत त्याचा ओलावा १५ टक्क्यांच्या वर चढतो, तर मराठवाड्यात एप्रिलमध्ये ७-८ टक्क्यांवर उतरतो. पावसाळ्यात दरवाजा चौकटीत अडकतो आणि दिवाळीनंतर सुटतो, त्याचं कारण हेच. वाद्याच्या बाबतीत हे दारापेक्षा फार नाजूक असतं: तबली काही मिलिमीटर जाडीची, सगळे सांधे चिकटवलेले, आणि वरून तारांचा ताण.

शंभर-दीडशे पावसाळे आणि उन्हाळे पाहिलेली तुळई या फुगण्या-आक्रसण्यातून इतक्या वेळा गेलेली असते की तिच्या आतला बराचसा ताण मोकळा झालेला असतो. जिथे फाकायचं तिथे ती आधीच फाकलेली असते. भेगा दिसतात म्हणून लोक असं लाकूड नाकारतात. मला मात्र उघड दिसणारी भेग बरी वाटते, कारण तिच्याभोवतीने कापता येतं. नव्या लाकडातली भेग अजून पडायची असते, ती कुठे पडेल हे कुणालाच माहीत नसतं.

दुसरा बदल रासायनिक आहे आणि तो फार सावकाश होतो. लाकडात मुख्यतः तीन घटक असतात. सेल्युलोज लांब, ताठ धाग्यांचं. लिग्निन त्यांना घट्ट धरून ठेवणारं. आणि या दोघांच्या मधलं हेमिसेल्युलोज, जे पाणी शोषण्यात सगळ्यात पुढे असतं. काळाबरोबर पहिल्यांदा तुटायला लागतं ते हेमिसेल्युलोज. परिणामी जुनं लाकूड त्याच हवेत नव्यापेक्षा कमी पाणी घेतं. ते किंचित हलकं होतं आणि ऋतू बदलला तरी कमी हलतं. पाइनसारख्या चिकाच्या लाकडात चीक कडक होऊन बसतो, तो वेगळाच.

मात्र याला दुसरी बाजू आहे, आणि जुन्या लाकडाची विक्री करणारे ती सांगत नाहीत. हेमिसेल्युलोज तुटत जातं तसं लाकूड ठिसूळही होतं. जपानमधल्या मंदिरांच्या शेकडो वर्षं जुन्या हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडावर जिरो कोहारा या संशोधकांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात लाकडाची मजबुती सुरुवातीच्या काळात काहीशी वाढलेली आणि पुढच्या शतकांत हळूहळू उतरलेली दिसली. म्हणजे वय वाढेल तसं लाकूड चांगलंच होत जातं असा सरळ चढता रस्ता नाही. फार जुन्या लाकडाची पातळ पट्टी गरम करून वाकवायला गेलं तर ती वाकण्याऐवजी तडकते, हा अनुभव गिटारच्या कडा वाकवणाऱ्यांना येतो.

तिसरी गोष्ट खरं तर काळाची नाहीच, जंगलाची आहे. दीडशे वर्षांपूर्वी वाड्याला आणलेलं सागवान नैसर्गिक जंगलातल्या मोठ्या, वयस्क झाडाचं असायचं. आज बाजारात येणारं पुष्कळसं सागवान वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या लागवडीचं असतं. तरुण झाडात बाहेरचं पांढरट, कच्चं लाकूड जास्त आणि पक्का गाभा कमी. 'दाट वलयं म्हणजे उत्तम लाकूड' असं सरसकट सांगितलं जातं, ते स्प्रूस-पाइनच्या बाबतीत बरंचसं बरोबर आहे. सागवानात फक्त वलयांची दाटी मोजून काही हाती लागत नाही. तिथे गाभ्याचं प्रमाण आणि सरळ रेषा पाहायची, आणि वाड्याच्या सागवानाचं खरं मोल तिथे आहे.

काळाने होणारा तो रासायनिक बदल थोडक्या वेळात मिळवण्यासाठी काही कंपन्या लाकूड कमी प्राणवायूत १६० ते २२० अंशांच्या आसपास तापवतात. यामाहा आणि मार्टिन दोघांच्याही काही गिटारांत अशी तापवलेली फळी असते. उष्णतेने हेमिसेल्युलोज काही तासांतच तुटतं. जुन्या लाकडाभोवतीची बरीच गूढता यामुळे कमी झाली आहे, आणि ते चांगलंच झालं.

स्ट्रॅडिव्हेरीचं काय?

जुन्या लाकडाचा विषय निघाला की इटलीतल्या क्रेमोनाचे अंतोनियो स्ट्रॅडिव्हेरी येतातच. १७३७ साली ते वारले, आणि त्यांची व्हायोलिनं आजही जगातल्या सर्वांत महाग वाद्यांत गणली जातात. पण वृक्षवलयं मोजून या वाद्यांचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की अनेक वाद्यांच्या लाकडातलं शेवटचं वलय आणि वाद्य बनवल्याचं वर्ष यांत काही वर्षांचं किंवा फार तर काही दशकांचंच अंतर आहे. म्हणजे त्यांनी वापरलं तेव्हा ते लाकूड शतकानुशतकं जुनं नव्हतं. आज ते जुनं आहे, ही वेगळी गोष्ट.

शिवाय ऐकण्याची कसोटीही झाली आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना मंद प्रकाशात, डोळ्यांवर गडद चश्मे घालून सहा वाद्यं वाजवायला दिली. त्यात तीन नवी होती आणि तीन जुनी: दोन स्ट्रॅडिव्हेरी, एक क्रेमोनाच्याच ग्वार्नेरी घराण्याचं. घरी कुठलं न्याल असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं वाद्य निवडलं आणि सगळ्यात कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हेरीला मिळाली. पुढे पॅरिसमध्ये दहा नामवंत वादकांबरोबर अधिक वाद्यं आणि सभागृहही घेऊन हाच प्रयोग झाला. तिथेही जुनं-नवं ओळखणं जमलं नाही.

याचा अर्थ जुनं लाकूड निरुपयोगी असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की तबली किती पातळ केली, कुठे जाड ठेवली, घोडी आणि जवारी (घोडीचा तार टेकते तो घासून घडवलेला पृष्ठभाग) कशी बसवली हे कारागिराचं काम लाकडाच्या वयापेक्षा मोठं आहे. जुन्या लाकडाची पक्की देणगी म्हणजे त्याचं स्थैर्य. आवाजाचा लाभ झाला तर तो वर.

शेगडीच्या चौकटीची गिटार

या स्थैर्याचं माझ्या आवडीचं उदाहरण लंडनजवळच्या एका घरातलं आहे. १९६३ मध्ये ब्रायन मे नावाचा शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, कारण दुकानातली परवडणारी नव्हती. दांडीसाठी लाकूड मिळालं ते भिंतीतल्या एका जुन्या शेगडीच्या (फायरप्लेसच्या) लाकडी चौकटीचं, शंभरेक वर्षांचं महॉगनी. त्याला कीड लागलेली होती. किड्यांची भोकं त्यांनी आगकाड्या भरून बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि प्लायसारखी ब्लॉकबोर्डची फळी घेतली. पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या पेटीतली शिंपल्याची बटणं वापरली, आणि तारांचा सूर हलवणाऱ्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या व्हाल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या.

तो मुलगा पुढे 'क्वीन' या बँडचा गिटारवादक झाला. जून २००२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्याने वाजवली ती हीच गिटार. दांडी तीच. (मे यांनी २००७ मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेटही पूर्ण केली; घरात वस्तू उघडून बघायची सवय किती लांब जाते ते यात दिसतं.)

शेगडीच्या वर असलेलं महॉगनी पिढ्यान् पिढ्या मंद ऊब घेत वाळत राहिलं होतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज तारांखालच्या चुंबकांनी उचलला जातो, त्यामुळे लाकडाने गुणगुणण्याला तितकं महत्त्व नसतं. दांडीने सरळ राहणं मात्र अत्यंत महत्त्वाचं. त्या लाकडाला नेमकं तेच उत्तम येत होतं. न्यूयॉर्कमधले रिक केली हे कारागीरही याच विचाराने शहरातल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींच्या पाइनच्या तुळया जमवून त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारी करत आले आहेत; १८५४ साली सुरू झालेल्या मॅकसोर्लीज या मद्यगृहाचं लाकूडही त्यांनी वापरलं आहे.

उलट बाजूने एक उदाहरण. १९९५ मध्ये बॉब टेलर या गिटारनिर्मात्याने फेकून दिलेल्या माल वाहण्याच्या पॅलेटच्या ओकपासून अकूस्टिक गिटार केली. तबलीही साध्या लाकडाचे तुकडे जोडून बनवली. खिळ्यांची भोकं लपवण्याऐवजी उठून दिसतील अशी सजवली, आणि बोटपट्टीवर फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं. उंची लाकडावाचून उत्तम गिटार होत नाही हा समज खोडण्यासाठी त्याने हे केलं, आणि गिटार खरोखर चांगली वाजली.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात याहून वेगळा कार्यक्रम झाला. भूमध्य समुद्र ओलांडून निर्वासितांना घेऊन इटलीच्या लाम्पेदुसा बेटाला लागलेल्या होड्यांच्या फळ्या मिलानजवळच्या ओपेरा नावाच्या गावातल्या तुरुंगात आणल्या गेल्या होत्या. तिथल्या बंदिवानांनी वाद्यकारागिरांच्या हाताखाली त्यातून व्हायोलिन, व्हिओला, चेलो घडवले आणि त्या रात्री व्यावसायिक वादकांनी ते वाजवले. फळ्यांवरचा निळा, नारिंगी रंग खरवडून काढला नव्हता. समुद्राचं पाणी, ऊन, डांबर आणि रंग सोसलेलं ते लाकूड. वाद्यासाठी कुणी मुद्दाम निवडावं असं त्यात काहीच नव्हतं. त्यातून सूर निघाला याचं श्रेय मी कारागिरीला देतो. आणि ती वाद्यं कशासाठी घडली हे ठाऊक असताना त्यांना आवाजाच्या मोजपट्टीवर बसवणं मला योग्यही वाटत नाही. घरची तुळई वाद्यात उतरवू पाहणाऱ्यांच्या मनातही याच जातीचं काहीतरी असतं, आणि ते पुरेसं कारण आहे. फक्त लाकूड नीट तपासून घ्यावं.

तुळई वाचायची कशी

पहिलं, ती घरात कुठे होती ते शोधा. भिंतीत गाडलेली टोकं ओल खाऊन कुजलेली असतात. दोन्ही टोकांची चांगली हातभर लांबी सरळ सोडून द्यावी. मधला, हवेवर राहिलेला भाग सगळ्यात चांगला. चुलीच्या खोलीवरची तुळई धुराने काळी झालेली असेल तर घाबरू नका, एक-दोन रंधे मारले की आत सोनेरी सागवान निघतं आणि धुराने कीडही दूर ठेवलेली असते. मोरीजवळची मात्र टाळा.

मग कीड. छिद्रं जुनी की चालू हे भुशावरून कळतं. तुळई कागदावर आपटून ठेवा. आठवडाभराने पांढरट ताजा भुसा पडलेला दिसला तर आत जिवंत अळ्या आहेत आणि असं लाकूड इतर लाकडाजवळ ठेवणंही धोक्याचं. वाळवीने आतून पोखरलेली तुळई वरून धडधाकट दिसते. हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा, आवाज जिथे पोकळ होतो तिथे खूण करा.

खिळे हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. हाती घडवलेले चौकोनी खिळे आत मोडून राहिलेले असतात आणि करवतीचं पातं एका क्षणात वाया घालवतात. आरा मशीनवाले जुनं लाकूड कापायला कुरकुरतात ते उगाच नाही. लोहचुंबक फिरवून, शक्य असेल तर धातुशोधक यंत्र लावून एकेक खिळा काढावा लागतो. खिळ्याभोवती लाकूड निळं-काळं झालेलं दिसेल. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाने तो रंग येतो. वरवरचा असेल तर चालतो, पण तिथलं लाकूड भुसभुशीत झालं असेल तर तेवढा भाग तबलीत घेऊ नये.

जुना तैलरंग असेल तर एक सावधगिरी अजिबात विसरू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. असा रंग कोरडा घासला तर ती धूळ श्वासातून आत जाते, आणि लहान मुलांना शिशाची बाधा फार लवकर होते. मुखवटा घाला, ओलं करून खरवडा, काम घराबाहेर करा. डांबर किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडालाही हेच लागू.

यानंतर कापणं. तुळई सहसा अख्ख्या ओंडक्याची चौकोनी केलेली असते, म्हणजे झाडाचा अगदी मधला बिंदू तिच्या पोटातच असतो. तो बिंदू ज्या फळीत येईल ती फळी पुढेमागे फाकणारच. ती बाजूला काढायची. उरलेल्यातून अशा फळ्या काढायच्या की फळीच्या टोकाशी वलयं उभी दिसतील. अशी फळी ऋतूंत सगळ्यात कमी हलते. कापल्या कापल्या काही फळ्या धनुष्यासारख्या वाकतात, कारण दीडशे वर्षांनंतरही पोटात थोडा ताण उरलेला असतो. म्हणून फळी हवी त्यापेक्षा जाड काढायची आणि मधे पट्ट्या घालून, थर रचून, ज्या गावात वाद्य बनणार तिथल्याच हवेत निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा राहू द्यायची. 'एवढी जुनी आहे, आता आणखी काय वाळवायचं' म्हणून ही पायरी गाळली जाते आणि पहिल्याच उन्हाळ्यात सांधे उघडतात. बाहेरून वाळलेली तुळई आतून वेगळ्या ओलाव्याची असू शकते; सुया टोचून ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते ताज्या कापलेल्या बाजूला लावून पाहावं.

सागवानाची आणखी एक खोड म्हणजे त्यातलं तेल. ते वाळवीला दूर ठेवतं, पण चिकटवलेला सांधा धरू देत नाही. ताजा रंधा मारून, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून लगेच चिकटवायचं. त्यात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे पटाशी आणि रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. कारागिराने जास्त मजुरी सांगितली तर त्याला सबळ कारण आहे.

कुठल्या लाकडाचं काय करावं

वाड्याच्या सागवानाला सगळ्यात सुरेख साजेशी गोष्ट म्हणजे पेटी. तिला लागणाऱ्या फळ्या लहान, त्यामुळे खिळे आणि भेगा टाळून कापता येतं. स्थैर्य हाच पेटीच्या लाकडाचा मुख्य गुण, आणि जुन्या सागवानात तो भरपूर. सुरांची फळी वाकली तर सूर फुसफुसतो, पट्ट्या अडकतात, भात्यातली हवा निसटते. सूर मात्र नवे, चांगले घ्यावेत. गुजरातमधलं पालिताणा त्यासाठी नावाजलेलं आहे.

तानपुरा आणि सतारीचं वेगळं आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही वाद्यं घडत आली आहेत. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक या कामात आले आणि फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून आणि दांडी-तबलीसाठी पसंती असते ती तुणीच्या लाकडाला. तूण सागवानापेक्षा हलकी आणि कोरायला मऊ. सागवानाचीही सतार होते, पण तबलीसाठी ते जरा जड पडतं. घरची तुळई सागवानी असेल तर मी दांडी तिची करून तबली तुणीची घ्यावी असंच सुचवेन. अर्थात दांडीसाठी मोठी, निर्दोष लांबी लागते, आणि अनेक तुळयांत तेवढी मिळत नाही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित लाकूड कोकणातलं आहे. तिथल्या जुन्या घरांत खांब, दारं, फळ्या फणसाच्या असतात. घर पाडलं की सागवान वेगळं काढलं जातं आणि फणस बऱ्याचदा सरपणात जातो. तोच फणस दक्षिणेत वाद्याचं मानाचं लाकूड आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडात कोरतात, आणि मृदंगाचं खोडही फणसाचंच. पखवाजाचं खोड निघेल एवढ्या जाडीचा निर्दोष फणसाचा खांब सरपणाच्या भावाने जाताना पाहून जीव कळवळतो. खोड कातायला मात्र मधला बिंदू पोकळीत जाईल असाच खांब निवडावा, म्हणजे भिंत फाकत नाही.

शिसवाचं काही सापडलं तर कागदपत्रांकडे लक्ष द्या. शिसव ज्यात येतं तो डाल्बर्जिया हा अख्खा वनस्पती-वंश २ जानेवारी २०१७ पासून सायटीस या, संकटात येऊ शकणाऱ्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत (दुसऱ्या परिशिष्टात) आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, नुसत्या लाकडाला नाही. परदेशातल्या नातेवाइकाला वाद्य पाठवता येईल, फळी पाठवताना अडचण येईल. देशातल्या देशात सागवान किंवा शिसव हलवण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी, आणि घर पाडतानाचे फोटो, लाकडाच्या विक्रीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

वाडा उतरवायचा ठरला असेल तर कारागिराला वखारीत नेण्याऐवजी आधी घरात बोलवा. कंत्राटदाराचे लोक तुळई पहारीने खाली पाडतात आणि तिथेच ती चिरते. दोन तुळया दोराने उतरवून द्या, एवढं आधी सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. कुठली तुळई कुठल्या खोलीवर होती, कुठलं टोक भिंतीत होतं हे खडूने तिच्यावर लिहून ठेवा. आणि कापायच्या आधी टोकाकडून बोटभर जाडीचा तुकडा काढून, रंधा मारून, कारागिराच्या हातात द्या. वजन बघून, रेषा बघून, कानाशी ठोकून तो पाच मिनिटांत सांगेल की यातून पेटी निघेल, दांडी निघेल की चांगला पाट.